दोन जिवंत माणसं

त्या कचेरीत एका अख्ख्या खंडाचं काम चालायचं. उजव्या कपाटात इतिहास, मधल्यात नद्या, जंगलं, जनावरं, आणि डाव्यात लोक. दर दहा वर्षांनी त्यातून एक ग्रंथ निघायचा. तो उचलायला दोन माणसं लागत आणि वाचायला एकही मिळत नसे. एकेका गोष्टीचं एकेक कार्ड, आणि ती सगळी सांभाळायची कार्डवाली. नदी आटली, हरीण संपलं, की कार्ड उचलायचं आणि उजवीकडे टाकायचं, हे ती बावीस वर्षं करत आली होती. उजवीकडून एखादं कार्ड परत आल्याचं तिला काही आठवत नव्हतं.

लोकांच्या बाबतीत मात्र नियम कडक. एखाद्या जमातीला डाव्या कपाटात राहायचं असेल, तर तिची दोन जिवंत माणसं आपल्या भाषेत एकमेकांशी बोलताना ध्वनिमुद्रित व्हायला हवीत, तेही दर आवृत्तीला नव्यानं. एकट्याचं बोलणं चालायचं नाही. एकटा माणूस काय, भिंतीशीही बोलतो, असं संपादकांचं म्हणणं.

कार्डवालीचे वडील तळ्याकाठच्या लोकांपैकी. तळ्याचं कार्ड तिनंच मागच्या आवृत्तीला इतिहासात हलवलं होतं आणि घरी अवाक्षर काढलं नव्हतं. त्या भाषेची आता दोनच माणसं उरली होती, वडील आणि आत्या. आणि त्या दोघांनी नऊ वर्षांत एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

कारण काय, तर होडी. तळं आटल्यावर वडिलांनी आजोबांची होडी फोडली आणि फळ्यांचं फडताळ केलं. पाणीच नाही तर होडी काय डोक्यावर घेऊन नाचू, हा त्यांचा सवाल. निदान मला विचारायचं तरी, हा आत्याचा. त्यावरून अशी जुंपली की शेवटी वडिलांनी बजावून ठेवलं, "मी मेलो तरी तिला कळवायचं नाही."

कचेरीनं दोघांनाही बुधवारी बोलावलं होतं. वडील कुरकुरत का होईना, तयार झाले होते. "येईन, पण तिच्याकडे पाठ करून बसेन," म्हणाले होते. सोमवारी सकाळी चहा पिता पिता ते गेले. मंगळवारी सगळं आटोपलं. आत्याला कळवलं नाही. वडिलांचा शब्द होता, आणि तो मोडायला लागतं तेवढंही बळ कार्डवालीत उरलं नव्हतं. बुधवारी ती कामावर आली. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती. नळाखाली धरलेले हात आपले की दुसऱ्याचे, हेही धड कळत नव्हतं.

संपादक माणूस वाईट नव्हता, पण ग्रंथ शुक्रवारी छपाईला जायचा होता. "बाई, असं करू," ते म्हणाले. "आत्या बोलतील, तुम्ही समोर बसून हं म्हणा. तुमच्यात तशी रीतच आहे ना?"

रीत होती खरी. तळ्यावर धुकं पडलं की शेजारची होडी दिसायची नाही, म्हणून ऐकणाऱ्यानं दर वाक्याला हं म्हणायचं. हं आलं नाही की बोलणारा थांबायचा. पुढे जमिनीवरही ती सवय सुटली नाही.

"मला भाषा येत नाही," कार्डवाली म्हणाली. वडील तिच्याशी त्या भाषेत कधी बोललेच नव्हते. उगाच पोरीच्या डोक्याला ताप कशाला, असं त्यांना वाटायचं.

"हं म्हणायला कसली भाषा लागते? नाहीतर कार्ड हलवावं लागेल. तेही तुम्हालाच."

कार्ड हलवायचं नव्हतं. तीन दिवसांत तिला काही हवंसं वाटलं असेल तर तेवढंच.

आत्या ठेवणीतले कपडे घालून आली. खुर्चीत बसली, आणि रिकामी खुर्ची बघून म्हणाली, "कुठाय तुझा बाप?"

"येतील. तू सुरू कर, आत्या. मी बसते तोवर."

इतकं सफाईदार खोटं आपल्या तोंडून निघालं, याचं तिला नवलही वाटलं नाही. काचेपलीकडे संपादकांनी यंत्र चालू केलं.

आत्या बोलू लागली. सुरुवातीला भावावर तोंडसुख घेत असावी, कारण हात उडत होते, मान फणकाऱ्यानं वळत होती. हं, कार्डवाली म्हणाली. मग आवाज खाली आला, बोटं पदराशी चाळा करू लागली. हं. एक लांबलचक वाक्य आलं, त्यात आत्या मधेच हसली. हं. मग एक अगदी लहान वाक्य आलं.

"हं," कार्डवाली म्हणाली.

आत्यानं तिच्याकडे निरखून पाहिलं. तेच वाक्य पुन्हा म्हटलं, सावकाश.

"हं."

आत्याचे हात मांडीवर पडले. मग ती आपल्या सगळ्यांच्या भाषेत म्हणाली, "कधी?"

"काय कधी?"

"भांडायला कधी उशीर न करणारा माणूस आज आला नाही. म्हणून विचारलं, माझा भाऊ गेला का. तू हं म्हणालीस. ऐकण्यात चूक झाली असेल म्हणून परत विचारलं. परत हं म्हणालीस."

"सोमवारी," ती म्हणाली.

संपादकांनी दारातून डोकं आत घातलं. दुसऱ्या हंनंतर त्यांनी यंत्र बंद केलं होतं, त्यामुळे पुढचं त्यांना ऐकू आलं नव्हतं. "उत्तम झालं," ते म्हणाले. "प्रश्न आला, उत्तर आलं. कार्ड जिथल्या तिथे राहील." आणि ते छपाईची पानं बघायला गेले.

मग आत्या आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली, अगदी हळू, आणि वाट बघत राहिली. आता हं म्हणायची कार्डवालीची छाती होईना. आत्याच्या ओठांवर पुढचं वाक्य आलेलं तिला दिसलं. पण समोरून हं आलं नव्हतं, म्हणून आत्या थांबली.