अर्ध्या टक्क्यातली आत्या

आत्याचा फोन आला तेव्हा भाची ऑफिसात होती. ग्रंथालय उघडत नाहीये, एवढंच आत्या म्हणाली. घाई नाही, सवडीने ये, असं मात्र तिने तीनदा बजावलं. आत्या तीनदा ‘घाई नाही’ म्हणाली की काम तातडीचं असतं, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. भाची त्याच संध्याकाळी तिच्या दारात हजर झाली.

आत्याला जन्मापासून दिसत नव्हतं. एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर म्हणून तिने एकतीस वर्षं काढली होती. नुसत्या ‘हॅलो’वरून ती माणूस ओळखायची. इतकंच नव्हे, तापाने फणफणलेला डॉक्टर कोणता आणि सुट्टीसाठी कण्हणारा कोणता, हेही तिला कळायचं. निवृत्त झाल्यावर तिला पुस्तकांचं व्यसन लागलं. ग्रंथालयाच्या वेबसाइटवरून ती पुस्तक उघडायची आणि तिचा कॉम्प्युटर ते तिला वाचून दाखवायचा.

खिडकीखालच्या टेबलावरचा तो कॉम्प्युटर पिवळट पडला होता आणि सुरू व्हायला चहा उकळेपर्यंत वेळ घ्यायचा. त्यातला वाचणारा आवाज पुरुषी होता, जरा बसलेला. आत्या त्याला घोगऱ्या म्हणायची. वीस वर्षांच्या सहवासात तिने त्याचा वेग इतका वाढवला होता की दुसऱ्याला ती नुसती चक्कीची घरघर वाटावी. आत्या मात्र त्या घरघरीत कादंबऱ्याच्या कादंबऱ्या फस्त करायची.

त्या संध्याकाळी तिने भाचीसाठी म्हणून वेग कमी केला आणि ग्रंथालयाचं पान उघडलं. घोगऱ्या म्हणाला, ‘तुमचा ब्राउझर जुना झाला आहे. कृपया नवा वापरा.’

ते वाक्य भाचीच्या ओळखीचं होतं. ‘झाला आहे’ लिहायचं की ‘झालेला आहे’, यावर बैठकीत दहा मिनिटं खल झाला होता आणि ती त्या बैठकीत होती. ग्रंथालयांच्या वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीत ती टेस्टर होती. दोन महिन्यांपूर्वी कंपनीने ठरवलं की जुन्या सिस्टिमवरचे ब्राउझर यापुढे चालवायचे नाहीत. बैठकीत पडद्यावर आकडा होता: अशा वाचकांचं प्रमाण, अर्धा टक्का. भाचीने त्याखाली ‘तपासले, हरकत नाही’ अशी खूण केली होती आणि सगळ्यांबरोबर जेवायला गेली होती.

बघते काहीतरी, एवढंच ती आत्याला म्हणाली.

बघण्यासारखं फार नव्हतं. नवा ब्राउझर त्या जुन्या सिस्टिमवर चढत नव्हता, नवी सिस्टिम त्या कॉम्प्युटरला पेलत नव्हती आणि घोगऱ्या नव्या सिस्टिमवर तोंडच उघडत नव्हता. तेव्हा भाचीने सरळ नवा कॉम्प्युटर आणला. त्यातला आवाज एका तरुणीचा होता, स्वच्छ आणि गोड. आत्याने आठ दिवस मनापासून प्रयत्न केला. नवव्या दिवशी भाची गेली तर नव्या कॉम्प्युटरवर नीट घडी केलेला टॉवेल पांघरला होता.

“मुलगी गुणी आहे गं,” आत्या म्हणाली. “पण प्रत्येक वाक्य मला काहीतरी विकायला आल्यासारखं बोलते. वेग वाढवला की शब्द गिळते. बोटांना ठाऊक असलेल्या खुणा तिला ठाऊक नाहीत. तिची न् माझी ओळख व्हायला आणखी वीस वर्षं लागतील. तेवढी कुठून आणू?”

मग भाची हट्टालाच पेटली. आठवडाभर शोधल्यावर तिला एक साधं, चित्राविना पान सापडलं. त्यावर कुणी एक माणूस दर महिन्याला एक ब्राउझर ठेवत होता: आतून आजचा, पण जुन्या सिस्टिमवर चालणारा. खाली सही होती, ‘जुनाट’. तिने तो ब्राउझर उतरवून घेतला आणि आत्याच्या कॉम्प्युटरवर चढवला. ग्रंथालयाचं दार मुकाट्याने उघडलं. घोगऱ्याने अर्धवट राहिलेल्या पुस्तकाचं सव्विसावं प्रकरण सुरू केलं आणि आत्याने भाचीला हाताने खूण केली, आता बोलू नकोस.

चार महिने सुखात गेले. पाचव्या महिन्यात जुनाटने पानावर चार ओळी टाकल्या. हात थरथरतात, एका अक्षराच्या जागी तीन उमटतात, ही शेवटची आवृत्ती. कुणाला पुढे न्यायचं असेल तर कळवावं. भाची पंधरा दिवस रोज ते पान उघडून बघत होती. लोकांनी आभार मानले, हळहळ व्यक्त केली, दीर्घायुष्य चिंतलं. पुढे कुणीच आलं नाही. शेवटी तिनेच लिहिलं, की मी टेस्टर आहे, दुसऱ्यांच्या चुका शोधते, स्वतः बांधलेलं असं काही नाही, पण माझ्या आत्याला हा ब्राउझर लागतो.

उत्तर तासाभरात आलं. ‘चुका शोधता येतात ना? मग निम्मं काम येतं. आत्यांना नमस्कार.’

जुनाटकाका एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. तिथला सूक्ष्मदर्शक एका जुन्या कॉम्प्युटरला जोडलेला होता, नव्याशी त्याचं जमत नव्हतं. त्या जुन्या कॉम्प्युटरवर इंटरनेटही चालावं म्हणून त्यांनी हा उद्योग आरंभला होता. शाळेतली नोकरी संपली, उद्योग राहिला. त्यांनी भाचीला हळूहळू सगळं दाखवलं. नवा ब्राउझर पावलोपावली सिस्टिमकडे काहीतरी मागत असतो: वेळ सांग, अक्षरं काढून दे, हे कुलूप उघड. जुन्या सिस्टिमला त्यातल्या काही मागण्या कळतच नाहीत, आणि एका मागणीला उत्तर मिळालं नाही की ब्राउझर जागच्या जागी कोसळतो. म्हणून मध्ये एक लहानसा प्रोग्रॅम लिहून बसवायचा. त्याने नवी मागणी ऐकायची आणि जुन्या सिस्टिमला समजेल अशा शब्दांत पुढे सरकवायची.

भाचीने हे आत्याला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे टेलिफोन ऑपरेटरच की. इकडची लाइन तिकडे जोडून द्यायची. मग त्यात एवढं अवघड काय आहे?”

अवघड काय आहे ते भाचीला लवकरच कळलं. दर महिन्याला मूळ ब्राउझर बदलायचा, त्याच्या मागण्या बदलायच्या, आणि मागच्या महिन्यातली सगळी ठिगळं नव्या कापडावर पुन्हा बसवावी लागायची. शिवाय काकांचा एक दंडक होता. ब्राउझरमध्ये सुरक्षिततेची नवी भोकं सापडतच राहतात. ज्या दिवशी एखादं भोक आपल्याला बुजवता येणार नाही, त्या दिवशी लोकांना तसं स्पष्ट सांगायचं. झाकून ठेवायचं नाही. भाचीने पानावर पहिली ओळ तीच लिहिली: ‘पुस्तकं वाचा, पत्रं लिहा, पण बँकेचे व्यवहार यावर करू नका. खालची सिस्टिम म्हातारी आहे.’

तिची पहिली आवृत्ती तयार व्हायला सात आठवडे लागले. नाकी नऊ आले. पहिल्यांदा ब्राउझर उघडलाच नाही, मग उघडला पण अक्षरांच्या जागी चौकोन दिसले, मग अक्षरं आली पण घोगऱ्या मुका झाला. प्रत्येक वेळी काकांचं उत्तर त्याच थंडपणे यायचं: ‘छान. आता निदान नवीन चूक आहे.’ अखेर एका शनिवारी सकाळी सगळं जुळलं. भाचीने दोनशे पानं एकामागोमाग उघडून पाहिली. दोनशेच्या दोनशे चालली. तिने काकांना कळवलं की उद्या सर्वांसाठी ठेवते.

आत्या म्हणाली, ठेव, पण आधी मला दुपारभर वाचू दे.

भाची बाजूच्या खुर्चीत बसून राहिली. आत्या पान उघडायची, मागे जायची, दुसरं उघडायची, पुन्हा मागे. तासाभराने तिने हात थांबवला.

“घोगऱ्याला दम लागतोय,” ती म्हणाली.

भाचीने पडद्याकडे पाहिलं. सगळं ठीक दिसत होतं. तिने आत्याला तसं सांगितलं.

“दिसत असेल. पण मी मागे आले की तो बोलायच्या आधी थांबतो. सुरुवातीला थांबत नव्हता. आणि दर खेपेला आधीपेक्षा थोडा जास्त थांबतोय. दमेकरी माणूस जिना चढताना थांबतो ना, तसा.”

भाचीने मोजायला घेतलं आणि तिच्या डोळ्यांत झणझणीत अंजन पडलं. प्रत्येक वेळी मागे गेलं की ब्राउझर आधीच्या पानाने मेमरीत अडवलेली जागा सोडून द्यायला विसरत होता. थेंबाथेंबाने कॉम्प्युटर भरत चालला होता. आणखी दोन तासांनी तो कोलमडला असता, आणि तो कुणाच्या अर्ध्या लिहिलेल्या पत्रावर कोलमडला असता, देव जाणे. तिची दोनशे पानं यात नापास झाली नाहीत, कारण ती दर पान ताज्या ब्राउझरमध्ये उघडत होती. ‘मागे’ हे बटण तिने एकदाच दाबून पाहिलं होतं.

चूक सापडायला तीन दिवस लागले, दुरुस्त करायला दहा मिनिटं. आवृत्ती बुधवारी निघाली. त्या आठवड्यात अकराशे जणांनी ती उतरवून घेतली. काकांनी एका ओळीत लिहिलं, ‘हे माझ्याही आवृत्तीत होतं. दोन वर्षं. मला कळलं नाही. आत्यांना विचारा, फोनवर बोलतील का?’

काकांच्या आवृत्तीवर आत्या पुस्तकं सलग वाचायची, मागे जायची वेळच आली नव्हती, म्हणून तिलाही ते तेव्हा कळलं नव्हतं. फोनवर बोलायला मात्र ती केव्हाही तयार होती. पहिलाच फोन सव्वा तास चालला.

त्या रविवारी आत्या खुशीत होती आणि तिने भाचीचं भलतंच कौतुक मांडलं. एवढी मन लावून तपासतेस, तुझ्या कंपनीचं नशीब थोर, असं काहीबाही ती बोलत होती. भाचीला ते ऐकवेना. तिने सगळं सांगून टाकलं: ती बैठक, तो आकडा, ती खूण. तुझं ग्रंथालय मीच बंद केलं होतं, आत्या. आठ महिने सांगायची हिंमत झाली नाही.

आत्याची बोटं टेबलाच्या कडेवरून फिरत राहिली.

“अर्धा टक्का म्हणजे किती माणसं?” तिने विचारलं.

“तीन हजारांच्या आसपास.”

“ती कोण आहेत, असं कुणी विचारलं तिथे?”

“नाही. मीही नाही.”

“मी तुझ्यावर रागावले आहे,” आत्या शांतपणे म्हणाली. “उद्यापर्यंत जाईल राग. जाईल तोवर तू इथे बसून राहू नकोस, मला कसंतरी होतं. घरी जा. आणि सोमवारी ऑफिसात जाशील तेव्हा तो प्रश्न विचार.”

राग गेला की नाही ते कळवायला आत्याने दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच फोन केला. गेला, म्हणाली, आणि ऑफिसला उशीर करू नकोस.

भाचीने प्रश्न विचारला. तिची टीमप्रमुख वाईट बाई नव्हती, नुसती कामात बुडालेली होती. तिने कपाळाला हात लावला आणि म्हणाली की तीन हजार माणसांसाठी सगळी साइट मागे नेता येणार नाही. भाची म्हणाली, मागे नकोच न्यायला. जुना ब्राउझर दिसला की दार लावून घेण्याऐवजी एक साधं पान द्यावं: पुस्तकाचं नाव, लेखक, उघडा. चित्रं नाहीत, हलणारं काही नाही. करणार कोण, असं टीमप्रमुख बाईने विचारलं, आणि उत्तर ठाऊक असल्यासारखी स्वतःच हसली. दोन आठवड्यांत पान तयार झालं. तीन महिने ठेवून बघू, असं ठरलं. तीन महिने उलटले तेव्हा ते काढायचं कुणाला आठवलं नाही, आणि भाचीने आठवण करून दिली नाही.

ब्राउझरची जुळणी मात्र चालूच राहिली, कारण जगात ग्रंथालयाखेरीज इतरही पानं होती आणि आत्या त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी नाक खुपसत असे. दर महिन्याला नवी आवृत्ती आधी खिडकीखालच्या टेबलावर यायची. आत्या दुपारभर ती ‘ऐकायची’ आणि मग हो किंवा नाही सांगायची. पत्रं येत, तीही ती घोगऱ्याकडून वाचून घ्यायची. चष्म्याची भिंगं घासणारा एक कारागीर होता, त्याचं यंत्र जुन्या सिस्टिमशिवाय हलत नसे. एका बाईंनी लिहिलं होतं की वडिलांना नवा कॉम्प्युटर शिकवताना दोघांत रोज भांडण व्हायचं, आता पुन्हा जेवताना बोलतात. ते पत्र आत्याने तीनदा ऐकलं.

आणि काका फोनवर दर खेपेला एकच धोशा लावायचे. ते म्हणायचे, मी एकटा होतो ही माझी मोठी चूक. हे काम दोघांना येत असलंच पाहिजे. तुम्ही आजारी पडलात, परगावी गेलात, कंटाळलात तरी लोकांचं अडता कामा नये. भाची हो हो म्हणायची आणि विसरायची. मग एक दिवस रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेतल्या नर्सचं पत्र आलं. तिथलं यंत्र जुनं, कॉम्प्युटर जुना, आणि ती रोज हाच ब्राउझर वापरत होती. प्रोग्रॅमिंगचा गंध नाही, तिने लिहिलं होतं, पण चिकाटी आहे, शिकवाल का?

भाची उत्तरात काय लिहावं याचा विचार करू लागली. निदान थोडी तयारी असायला हवी, आधी अमुक वाचा, तमुक शिका, असं काहीसं तिच्या मनात जुळत होतं.

“काय एवढा विचार करतेस?” आत्या म्हणाली. “तुला तरी कुठे काय येत होतं?”

भाची हसली. तिने एवढंच लिहिलं की शनिवारी सकाळी मोकळी आहे, फोन करा.