सातवी गाडी

मी कोकिळा. नाव गोड आहे, जीभ तशी नाही, हे सासूबाईंनी गावभर सांगून ठेवलंय, म्हणून आधीच सांगते. पिकअप माझी आहे. नरडाण्याला रोज भाजी मीच पोचवते, आणि तिच्या कुठल्या चाकाला काय दुखतं ते मलाच कळतं. म्हणून तिला देवीच्या बारागाड्यांत जुंपायचं ठरलं तेव्हा मला विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

बारागाड्या म्हणजे बैल सोडून बारा गाड्या साखळ्यांनी एकीमागे एक बांधायच्या, वर माणसं चढवायची आणि भगतानं त्या मरीआईच्या ओट्यापर्यंत ओढत न्यायच्या. सुरुवातीचा जोर गाव लावतं. पुढे उतार लागतो, मग गाड्या भगताच्या पाठीवरच धावत येतात. त्याला दोन्ही बाजूंनी दोन बगले धरून असतात, वेळ आली की बाजूला ओढायला.

यंदा भगत होता भिकन, माझा नवरा. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते, नाहीतर गोष्ट कुणाची ते कळायचं कसं? चुडामण नाना त्याचे काका. इतकी वर्षं भगत तेच होते. आता थकले, म्हणून मान भिकनकडे आला. नानांचा डावा पाय त्याच उतारावर चाकाखाली गेलेला आहे. फरफटत चालतात. कुणी विचारलं तर म्हणतात, देवीनं मागितला, दिला. घरात सगळ्यांना उत्साहाचं भरतं आलेलं आणि मी नानांच्या पायाकडे बघत होते.

गावात बैलगाड्या उरल्यात अकरा. ट्रॉल्यांतून शेण वाहतात, त्या देवीला चालत नाहीत. म्हणून माझी पिकअप घ्यायची, इंजीन बंद ठेवून, सातव्या जागी. पण बैलगाडीपुढे ती ठेंगणी. मागच्या गाडीची दांडी तिला बांधली की खाली झुकायची. धावताना दांडी जमिनीत रुतली तर गाडी उलटते आणि वरची माणसं फेकली जातात. म्हणजे पिकअप उंच करायला हवी होती, तीही वर्गणीतून जे उरलं होतं तेवढ्यात.

माझा धाकटा भाऊ ललित धुळ्याला गाड्यांचं काम करतो. त्यानं भंगार बाजारातून मोडीत निघालेल्या ट्रकचे, चाकांवर असतात ते स्प्रिंगचे पाटे आणले. त्यातले बरे निवडून आमच्या पाट्यांत भरले, खाली लोखंडी ठोकळे घातले, सगळं लांब बोल्टांनी आवळलं. पिकअप उभी राहिली ती नुकत्या जन्मलेल्या वासरासारखी, नुसते पायच पाय. दांडी मात्र सरळ बसली. सगळे खूश.

मी खाली वाकून बघितलं. मागच्या चाकाकडे जाणारा ब्रेकचा रबरी पाइप तारेसारखा ताणला होता. गाडी वर गेली, पाइप होता तेवढाच राहिला.

"ललित, हे काय रे?"

"अक्का, नाना म्हणाले, ब्रेककडे बघूच नको. देवीच्या गाडीला ब्रेक लागत नाही."

"देवीला लागत नसेल. मला लागतो. माझा माणूस पुढे असणार आहे."

त्यानं मुकाट्यानं भंगारातलाच एक लांब पाइप शोधून बसवला. बारागाड्यांच्या दिवशी सकाळी मी तिथं बोट लावलं तर बोट ओलं. पाइपच्या सांध्यातून ब्रेकचं तेल झिरपत होतं. दुसरा आणायला वेळ नव्हता आणि हँडब्रेक तर कधीच मेलेला. ललितचा चेहरा उतरला.

"एकदा दाबशील तर लागेल, अक्का," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा माझा भरवसा नाही. आणि इंजीन बंद, म्हणजे पेडल दगडासारखं होईल. उभी राहून दाब."

नाना म्हणत होते, देवीच्या गाडीत स्टेअरिंगवर बाईनं बसू नये. मी म्हटलं, स्टेअरिंगमध्ये वीतभर ढिलाई आहे, ज्याला सांभाळता येत असेल त्यानं खुशाल बसावं. कुणी पुढे आलं नाही. तेव्हा नानांनी चावी काढून (स्टेअरिंगचं लॉक केव्हाच मोडलंय, चावीवाचूनही ते वळतं) स्वतःच्या खिशात टाकली आणि माझा हात नारळावर ठेवला.

"देवना गाडाले बिरेक नही लावतस. लावा ते देवी उठी जाई. घे शपथ."

ब्रेक लावणार नाही, लावला तर देवी उठून जाईल, अशी शपथ मी घेतली. खोटी घेतेय हे मला तेव्हाच माहीत होतं. देवीला मनात म्हटलं, तुला काय करायचं ते मला कर, त्याला काही करू नकोस.

भिकनचं सकाळपासून मौन होतं. अंगभर हळद, डोक्याला पिवळा फेटा. जाताजाता त्यानं पिकअपच्या बॉनेटवर नुसता हात ठेवला. मी काच खाली करेपर्यंत तो पुढे गेला होता.

डफ वाजले, गावानं रेटा दिला आणि गाड्या हलल्या. माझ्या पुढच्या सहा गाड्यांवर माणसं मुंग्यांसारखी चिकटलेली. त्यांच्या डोक्यांमधून मला तो फेटा दिसायचा, नाहीसा व्हायचा, पुन्हा दिसायचा. "खाली बसा रे मेल्यांनो," मी ओरडत होते. ऐकतंय कोण.

उतार लागला. स्टेअरिंग हातात नाचायला लागलं. नवे पाटे करकरत होते आणि उंच झालेली गाडी डावी-उजवी झुलत होती. तेवढ्यात फेटा खाली गेला. माझा पाय पेडलवर पोचलासुद्धा. एकदाच, एकदाच, असं मी स्वतःला दरडावत राहिले आणि पाय तसाच तोलून धरला. फेटा वर आला. बगल्यांनी त्याला उचलून धरलं होतं.

मग डावीकडचा बगला पडला. तो बाजूला गडगडताना मला स्पष्ट दिसला. फेटा दुसऱ्यांदा खाली गेला. मी वाट बघितली. तो वर आला नाही.

मी सीटवरून उठले, स्टेअरिंगला लोंबकळले आणि होती नव्हती ती ताकद पायात घातली. मागची चाकं जखडली, मातीत फरफटली, पाच गाड्यांचा रेटा मागून येऊन आदळला. साखळ्या ताणल्या. पुढच्या गाड्या कण्हत कण्हत थांबल्या. आणि माझ्या पायाखालचं पेडल मऊ होऊन तळाला गेलं.

"दगड लावा, दगड!" लोकांनी चाकांखाली दगड सरकवले. मी खाली उडी मारून धावले. पहिल्या गाडीचं चाक भिकनच्या छातीपासून हातभर अंतरावर होतं. गुडघे सोलले होते, बाकी धड होता. मला रडू फुटलं.

गाव मात्र जयजयकार करत होतं. देवीनं धरल्या म्हणे गाड्या. आणि ओटा अजून लांब होता, पुढचा उतार तर याहून खडा. "ओढ भगत, ओढ," मागून गलका सुरू झाला. भिकन उठला. त्यानं पुन्हा दांडीला हात घातला.

आता ब्रेक नव्हता. गप्प बसले तर तो त्या उतारावर जाणार होता. बोलले तर भगताच्याच बायकोनं शपथ मोडली म्हणून त्याला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती. गेला खड्ड्यात मान, माणूस तर राहील. मी तोंड उघडलं.

तोवर नाना पिकअपच्या मागच्या चाकाशी पोचले होते. मातीत चाकं घासल्याचे दोन लांब पट्टे होते आणि त्यांच्या टोकाला ब्रेकच्या तेलाचं थारोळं. नानांनी ते बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली नाही.

त्यांनी हातातला नारळ त्या थारोळ्यावरच फोडला.

"देवी आठेच थांबनी," नाना मोठ्यानं म्हणाले. "आरती आठेच करा."

"पण नाना, ओट्यापर्यंत..." कुणीतरी म्हणालं.

"चाळीस साल मी भगत व्हतू का तू?"

आरती तिथंच झाली. भिकननं दांडी सोडली आणि तिथंच मटकन बसला. मी त्याचे गुडघे धुऊन हळद भरली. त्यानं माझा हात धरून ठेवला.

गर्दी पांगल्यावर नाना पाय ओढत आले आणि माझ्या तळहातावर चावी ठेवली.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "मना वखतले बिरेक व्हता नही."

त्यांच्या वेळी ब्रेक नव्हता. मी त्यांच्या डाव्या पायाकडे बघितलं आणि चावी मुठीत घट्ट धरली.

त्यानंतर पायाचं कुणी विचारलं तर नाना, देवीनं मागितला, असं म्हणत नाहीत. चाक गेलं, म्हणतात.