कपाटमामाची उत्तरे

डाव्या हाताने ‘ळ’ काढताना आईची जीभ अजूनही ओठांच्या कोपऱ्यात यायची. जेवणाच्या टेबलावर दुसरीच्या वर्गाची एकतीस पत्रे पसरली होती आणि लेक चहाचा कप ठेवायला जागा शोधत उभी होती.

“हे बघ, ‘आमचे मांजर छान आहे.’ संपलं पत्र. छान म्हणजे काय, डोंबल?”

असे म्हणून आईने खाली वाकड्या अक्षरात लिहिले : छान म्हणजे कसे? इथे कपाटात काळोख आहे. मला दिसेल असे लिही.

वर्गातल्या लोखंडी कपाटात एक मामा राहतो, त्याला बाहेरचे काही दिसत नाही, म्हणून त्याला सगळे लिहून दाखवायचे, ही आईची तीस वर्षांची युक्ती. दाराच्या फटीतून पत्र आत टाकायचे, दुसऱ्या दिवशी बाकावर उत्तर हजर. निबंध म्हटला की ज्यांच्या पोटात दुखायचे ती पोरेही मामासाठी पाने भरत. मामा चुका काढत नसे. त्याला फक्त कळायचे नाही; मग पोरे आपण होऊन वाक्य दुरुस्त करीत. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून आई डाव्या हाताने लिही.

लेकीने विचारले, मामा निवृत्त कधी होणार. आई म्हणाली, त्याला कुठे कुणी नोकरीवर ठेवलंय? दोघी हसल्या. दोघींचे बोलणे असेच चाले, वरच्यावर, हसतखेळत. त्याच्या खाली कुणी जात नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघताना आई चपला घालायला वाकली आणि उठलीच नाही.

तीन आठवड्यांनी मुख्याध्यापिकांनी लेकीला बोलावून घेतले. बाई गेल्याचे मुलांना सांगितले होते, पण पत्रे थांबली नव्हती. “बाईंचं सांगितलं हो,” त्या चाचरत म्हणाल्या. “मामाचं काय सांगू? तुम्हाला जमेल का ते अक्षर?”

बघते, म्हणून लेक रिकाम्या वर्गात आली. टेबलावरची ती शेवटची एकतीस उत्तरे तिने बरोबर आणली होती. ज्याचे उत्तर त्याच्या बाकावर ठेवू लागली.

सातव्या वर्षी तीही याच वर्गात होती. शाळेत आईला बाई म्हणायची आणि मामावर तिचा पुरा विश्वास होता. तेव्हा बाबा तिला रविवारी बागेत म्हणून न्यायचे आणि एका मावशीकडे घेऊन जायचे. हे आपल्या दोघांतच, असे बजावायचे. एवढे मोठे गुपित तिच्याने पेलवेना. कपाटातल्या आंधळ्या मामाला सांगितले तर काय बिघडणार होते? उत्तर आले : कोणती मावशी? घर कुठे आहे? मला दिसेल असे लिही.

तिने दोन पाने लिहिली. औषधाच्या दुकानावरचा जिना, तिसरा मजला, हिरवे दार, दारामागे टांगलेला बाबांचा निळा टॉवेल. वर्षभरात तिने इतके सुरेख काही लिहिले नव्हते. मामाने चांदणी काढून दिली.

त्या रविवारी आई त्या दाराशी जाऊन उभी राहिली. महिनाअखेर बाबा तिकडेच राहायला गेले. जाताना लेकीकडे बघून “चुगलखोर” एवढेच म्हणाले, आणि पुढे कधी तिला न्यायला आले नाहीत. आपण तर कुणालाच सांगितले नव्हते, मग आईला कळले कसे, हे तिला कितीतरी दिवस उमजत नव्हते. अकराव्या वर्षी, उजवा हात प्लास्टरमध्ये असताना आईने वाण्याची यादी डाव्या हाताने लिहिली, तेव्हा उमजले. ती यादी घेऊन ती गुपचूप सामान आणायला गेली.

खिडकीजवळच्या बाकाशी तिचा हात थांबला. कुणा मुलीने लिहिले होते : आमच्या घरातले एक गुपित आहे. आई आणि आजीचे खूप भांडण झाले. कोणाला सांगू नको.

खाली उत्तर होते : बाळ, घरातले गुपित मला लिहू नकोस. कागद कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. मला तुझ्या सायकलचे सांग.

तिने ते दोनदा वाचले. म्हणजे आईला ठाऊक होते. आपण काय केले ते पुरते ठाऊक होते, आणि दुसऱ्याच्या लेकीला ती वेळेवर सावध करत होती. टेबलाशी बसून, स्वतःची लेक चहा घेऊन समोर उभी असताना.

कागद तिने बाकावर सरळ करून ठेवला. मग फळ्याजवळच्या आईच्या खुर्चीसमोर, पहिल्या बाकावर, गुडघे आखडून बसली.

“मला समोर बसवून विचारायचंस ना, आई,” ती म्हणाली. “मी तुला सांगितलं असतं.”