कोणाचीच चूक नाही

विमा कंपनीच्या सर्व्हेअरने गठ्ठ्याची एक कड चिमटीत धरून पिळली, तेव्हा लालसर पाणी त्याच्या मनगटावरून थेट बाहीत शिरलं. त्याने हात झटकला आणि घडी उलगडली. शाळेच्या मुलांचा पांढरा सदरा होता. कॉलरच्या लाल पट्टीचा रंग पार छातीपर्यंत उतरला होता.

"असे किती?"

"सहाशे," शिवणवाली म्हणाली. "सोमवारी शाळेत पोचवायचे होते."

तिच्या दोन खोल्यांत चार बायका आणि चार मशिनं मावत होती, तेच खूप होतं. तयार माल ती अकरा वर्षं या गोदामात ठेवत आली होती. परवा रस्त्याखालची पाण्याची मोठी नळी फुटली. शटरच्या फटीतून पाणी आत आलं आणि सकाळपर्यंत मुक्कामाला राहिलं. बाकी गिऱ्हाइकांची जमिनीवर लोखंडी पिंपं होती, त्यांना पाण्याचं सोयरसुतक नव्हतं. नागवली गेली ती ही एकटीच.

"गठ्ठे जमिनीवर होते का?" सर्व्हेअरने विचारलं.

"छे, छे," गोदामवाला म्हणाला. " खालच्या फळीवर होते. फळी चांगली वीतभर उंच आहे. पाणीच त्याहून वर चढलं, त्याला कोण काय करणार?"

"म्हणजे तुमच्याकडून काही कसूर नाही."

"अजिबात नाही."

त्याचा हिशोब सरळ होता. विमा कंपन्या कशा असतात हे सगळ्या जगाला माहीत आहे. चूक कबूल केली की त्या हात वर करून मोकळ्या. तेव्हा आपण धुतल्या तांदळासारखे निघालो, तरच या बाईला भरपाई मिळेल. खोटं बोलायला माणसाला एखादं चांगलं कारण सापडलं, की त्याची जीभ कशी सुरळीत चालते! शिवाय खरं सांगायची त्याला लाज वाटत होती, आणि ती या चांगल्या कारणापेक्षा बरीच मोठी होती.

"साहेब, मी लेखी आणलंय," शिवणवाली पुढे झाली. तिने पिशवीतून एक कागद काढून सर्व्हेअरच्या हातात दिला. "काकांना कुणी दोष देऊ नये म्हणून. माझं लग्न झालं तेव्हापासून ओळखते मी त्यांना. माल माझा, पण जीव यांचा टांगलेला. यांची काडीचीही चूक नाही, असं लिहून खाली सही केली आहे."

गोदामवाला छताकडे बघत राहिला. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

सर्व्हेअरने कागद दोनदा वाचला, आपल्या फायलीत लावला आणि पेनाला टोपण घातलं. माणूस वाईट नव्हता. सकाळपासूनचं त्याचं हे तिसरं गोदाम होतं, एवढंच.

"मग विषय संपला," तो म्हणाला. "कंपनी काही देणार नाही."

"काय?" गोदामवाला म्हणाला.

"अहो, हा विमा मालाचा नाही. तुमच्या जबाबदारीचा आहे. तुमच्या हलगर्जीपणाने दुसऱ्याचा माल गेला, तर तुमच्या वतीने कंपनी भरते. तुमची चूकच नाही म्हटल्यावर भरायचं कशाचं?"

"वीस वर्षं हप्ता भरतोय मी!"

"चुकीसाठी भरताय. ती तुम्ही केलेली नाही. बाईंनीही तसं लिहून दिलंय, त्यामुळे माझं काम सोपं झालं."

कुणीतरी गालफडात लगावावी तसा गोदामवाला नुसता उभा राहिला. शिवणवालीला तर आधी काही कळलंच नाही. तिने सर्व्हेअरकडे पाहिलं, मग फायलीतल्या आपल्या कागदाकडे, आणि मग ती सावकाश एका ओल्या गठ्ठ्यावर बसली. साडी भिजते आहे याचं तिला भान नव्हतं.

"कापड उधारीचं आहे," ती म्हणाली, कुणालाच उद्देशून नव्हे. "शाळा आता दुसरा शिंपी बघेल. त्या चौघींना मी काय सांगू?"

तिचा आवाज चढला नाही, रडवेलाही झाला नाही. तेच गोदामवाल्याला सहन होईना.

"थांबा," तो म्हणाला. "गठ्ठे फळीवर नव्हते. जमिनीवरच होते. मी ठेवले, माझ्या हाताने. आदल्या दिवशी."

सर्व्हेअर हसला. कुत्सितपणे नव्हे, जरा कीव आल्यासारखा.

"आता तुम्ही असं म्हणणारच. पाच मिनिटांपूर्वी वेगळं सांगितलंत. नियम कळला की सगळ्यांनाच आपल्या चुका आठवायला लागतात."

"आईशपथ सांगतो!"

"काका, नका ना असं करू," शिवणवाली उठून त्याच्याजवळ आली. आता मात्र तिचे डोळे भरून आले. "माझ्यासाठी खोटं बोलून स्वतःचं नाव नका घालवू. सख्खा बापही एवढं करत नाही हो."

आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण खरं बोलावं, आणि खोटं बोलल्याचं पुण्य पदरात पडावं! गप्प बसणं अगदी सोपं होतं. बाई त्याला जन्मभर देवमाणूस म्हणाली असती, आणि चार मशिनं बंद पडली असती.

त्याने खिशातून मोबाइल काढला. धाकट्या भावाचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन पिंपावर ठेवला.

"बोल दादा!" भावाचा आवाज गोदामभर घुमला. "मीच करणार होतो फोन. तुझ्याकडे पाणी शिरलं म्हणे? माझा सोफा?"

"कोरडा आहे."

"वाचलो! नाहीतर बायकोने मला घराबाहेर काढलं असतं. दोन कपाटं पण ठीक ना?"

"ठीक आहेत. तेरवा तू आलास तेव्हा मांडणीवर जागा नव्हती, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? टेम्पोवाला खोळंबला होता आणि तुझा जीव होईना. शेवटी मीच म्हटलं, ते कपड्यांचे गठ्ठे घे खाली, कपड्यांना काय धाड भरते? तुझं आपलं एकच, नको रे, त्या बाईचा माल आहे, नको रे. उगाच घाबरत होतास. बघ, झालं का काही?"

सर्व्हेअरने पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

"दादा? अरे, त्या सोफ्यावर एखादी चादर टाक हां. धूळ बसेल."

गोदामवाल्याने फोन बंद केला. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे भीड त्याची होती आणि भीक दुसरीच्या दारात गेली होती.

तिघांनीही वर पाहिलं. मधल्या मांडणीवर, डोक्याइतक्या उंचीवर, मोतिया रंगाचा सोफा प्लॅस्टिकच्या वेष्टनात आरामात बसला होता. शेजारी दोन कपाटं होती. सर्व्हेअरने मोबाइलवर त्यांचे तीन-चार फोटो काढले, मग पिंपावर फाईल टेकवून नवा फॉर्म बाहेर घेतला.

"पहिल्यापासून सांगा," तो म्हणाला. "आणि आता बदलू नका."

गोदामवाल्याने सांगितलं. तारीख, वेळ, किती गठ्ठे, कुठून कुठे. त्याचा आवाज एकदाही अडखळला नाही. सर्व्हेअर लिहीत होता. बहुतेक मिळेल, असं तो मध्येच शिवणवालीकडे बघून म्हणाला, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ती गोदामवाल्याकडे पाहत होती, एखाद्या अनोळखी माणसाचा पत्ता शोधावा तशी.

सही झाली. त्याने पेन परत केलं आणि तिच्याकडे वळला.

"पोरी, मिळेल तुला. साहेबांनी—"

"सकाळी ती चिठ्ठी मी तुम्हाला वाचून दाखवली होती," ती म्हणाली. "तुमची काडीचीही चूक नाही, हे सुद्धा वाचलं. तुम्ही म्हणालात, छान लिहिलंस, फक्त खाली तारीख घाल."

गोदामवाल्याने होकारार्थी मान हलवली.