बाहीखालचे घड्याळ

कुनिहिरोने बोटाला थुंकी लावली आणि पुन्हा एकदा सत्तेचाळिसावे पान उघडले. त्या पानावर आठ घड्याळे होती. आठही उन्हावर चालणारी, आठही पाण्याला न जुमानणारी, आणि त्याला आठही सारखीच दिसत होती. एकाचा पट्टा हलक्या धातूचा, एकाचा रबरी. एकाची काच ओरखडत नाही, दुसरे आपटले तरी फुटत नाही, आणि एक तर म्हणे रोज पहाटे हवेतून लहरी पकडून आपली वेळ आपणच नीट करून घेते. असल्या घड्याळाला माणसाची गरज काय, ते मात्र कुठे लिहिलेले नव्हते.

"अहो, ते पुस्तक झिजलं आता," हात्सुमी म्हणाली. त्याची बायको समोर बसून संत्रे सोलत होती. "आज काय ते ठरवून टाका. वर्ष संपायच्या आत कार्ड टपालात पडायला हवं. नाहीतर ते लोक आपल्या मनाने काहीतरी पाठवतात. मावशीच्या वेळी टॉवेल आले होते. सहा!"

"बघतोय."

"ऑक्टोबरपासून बघताय. एवढ्या वेळात मी नवरा निवडला होता."

होडीवरचा त्याचा जोडीदार मासुओ ऑगस्टमध्ये गेला. दुखवट्याचा शेवटचा, एकोणपन्नासावा दिवस झाला आणि त्याच्या बायकोकडून, तामाएकडून, रिवाजाप्रमाणे परतभेट आली. अंत्यविधीला ज्यांनी ज्यांनी पैशांचे पाकीट दिले त्या सगळ्यांना ती जाते. पूर्वी चहा यायचा, नाहीतर वाळवलेले शेवाळ, नाहीतर साबणाच्या वड्या. भेट संपून जाणारी असावी, म्हणजे दुःखही तिच्याबरोबर संपते, असे जुनी माणसे सांगत. आता पुस्तक येते. त्यातली एक वस्तू निवडायची, तिचा आकडा कार्डावर लिहायचा, की वस्तू दारात हजर.

"एकविसाव्या पानावर उजी गावचा चहा आहे," हात्सुमी म्हणाली. "चांगला आहे. दोघं पिऊ, त्याची आठवण काढू, झालं. घड्याळ कधी संपतं का? गेलेल्या माणसाच्या परतभेटीची वस्तू जन्मभर मनगटावर बांधून फिरणार तुम्ही? आणि मुळात हवंय कशाला? पस्तीस वर्षं समुद्रावर जाताय, कधी घातलंत?"

"मासुओकडे होतं."

"मग?"

"मग विचारता येत होतं."

हात्सुमीने अर्धे संत्रे त्याच्यापुढे सरकवले आणि साले गोळा करायला घेतली.

कुनिहिरो आणि मासुओ एकतीस वर्षे एकाच होडीवर होते. खाडीत बांबूचे तराफे, तराफ्यांखाली लोंबणाऱ्या तारा, तारांना लगडलेली कालवे. एकाने तार वर ओढायची, दुसऱ्याने कापायची. बोलायचे काम फारसे पडत नसे, आणि मासुओ तर असा माणूस की घराला आग लागली तरी दोनदा खाकरून मग सांगेल. सात वर्षांपूर्वी त्याची मुलगी माचिको ओसाकाला नोकरीला लागली आणि पहिल्या पगारातून तिने बापाला उन्हावर चालणारे घड्याळ पाठवले. मासुओ ते घालून होडीवर आला. वरून कोपरापर्यंत रबरी बाही चढवलेली, त्यामुळे कोणाला दिसेल तर शपथ. पण तो उगाच मनगट चाचपत होता. कुनिहिरोला राहवले नाही.

"मासुओ, किती वाजले रे?"

मासुओने हातातला तार ओढायचा आकडा खाली ठेवला. हातमोजा काढला. बाही गुंडाळत गुंडाळत कोपरापर्यंत नेली, मनगट डोळ्यांसमोर धरले आणि न्यायाधीशाने निकाल द्यावा तसा म्हणाला, "नऊ बेचाळीस." मग बाही खाली, हातमोजा वर, आकडा हातात.

कुनिहिरोला वेळ ठाऊक होती. बेटाकडे जाणारी फेरीबोट नुकतीच टोकावरून वळली होती. ती त्याच वेळेला वळते, आणि तो पोरवयापासून तिच्यावरच दिवस मोजत आला होता. पण मासुओचा चेहरा बघून त्याने दुसऱ्या दिवशीही विचारले. तिसऱ्या दिवशीही विचारले. सात हिवाळे विचारले. कधी कधी दिवसभरात दोघांत तेवढेच एक बोलणे व्हायचे.

या हिवाळ्यात तो एकटाच तराफ्यावर जात होता. मालक दुसरा माणूस देतो म्हणाला तर यानेच नको म्हटले. फेरीबोट वळली की त्याचे तोंड आपोआप उघडायचे आणि मग तसेच मिटायचे. चहा घेतला तर महिनाभरात डबा रिकामा होईल, आणि त्याच्याबरोबर मासुओही. घड्याळ घेतले तर रोज उठून मनगटावर मासुओचे नसणे बांधावे लागेल. त्याला मासुओ संपायला नको होता आणि त्याचे दुःख रोज अंगावर वागवायचीही त्याला भीती वाटत होती. यातून वाट कशी काढावी, ते सत्तेचाळिसाव्या पानावर लिहिलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुस्तक पिशवीत घालून धक्क्याजवळच्या ओगाताच्या घड्याळाच्या दुकानात गेला. वस्तू हातात घेतल्याशिवाय त्याला काही कळत नसे.

ओगाता त्याच्या वर्गातला. त्याने पुस्तक पाहिले आणि चष्मा कपाळावर चढवला. "वा! म्हणजे चव बघायला माझ्याकडे आणि जेवायला शेजारी."

"चिडू नकोस. टिकाऊ कुठलं तेवढं सांग. रोज घालायचंय."

हे ऐकल्यावर ओगाताचा राग फार वेळ टिकणे शक्यच नव्हते. त्याने तीन घड्याळे काढून काचेवर मांडली. एक उचलून काउंटरवर आपटून दाखवले. एकाची काच नाण्याने घासली. तबकडी ऊन कसे पिते, पोट भरले की अंधारातही काही महिने कसे निघतात, सेल बदलायला म्हणून दुकानाची पायरी कशी चढावी लागत नाही, आणि त्यामुळे दुकानदार कसे भिकेला लागतात, हे सगळे त्याने सांगितले. कुनिहिरो मान हलवत गेला. मघाशी आठांत गोंधळ होता, आता तो अकरांत झाला.

"पण थांब," ओगाता मध्येच म्हणाला. "तू घालणार कुठे? होडीवर? बाहीखाली?"

"मग काय टोपीवर बांधू?"

"मग यातलं एकही घेऊ नकोस. साधं सेलचं घे. ऊन खाऊन जगणारा प्राणी बाहीत कोंडलास तर उपाशी मरेल. मासुओचं बघितलं नाहीस?"

"मासुओच्या घड्याळाला काय झालं होतं?"

"बंद असायचं की!" ओगाता हसला. "हिवाळा लागला की आलाच हा. आधी सेकंदकाटा थकतो, दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारतो, मग मुक्काम. पहाटे काळोखात बाहीखाली, दुपारी घरी आला की पेटीत. पोरीने दिलेलं, ओरखडा नको. मी सांगायचो, अरे खिडकीत ठेवत जा. तर म्हणायचा, उन्हाने पट्टा खराब होईल. उन्हाचं घड्याळ आणि उन्हाचीच भीती! मीच आपला इथे चार-चार दिवस ऊन खायला घालून परत द्यायचो. शेवटचे दोन हिवाळे आला नाही. मला वाटलं, दुसरं घेतलं असेल."

"दुसरं नव्हतं. तेच होतं."

"मग बंदच असणार ते."

"पण मला वेळ सांगायचा ना तो. रोज."

"बंद घड्याळात बघून?"

"मिनिटासकट सांगायचा."

"बरोबर असायची?"

कुनिहिरोने आठवून पाहिले. नऊ बेचाळीस. फेरीबोट. कधी एका मिनिटाचाही फरक पडला नव्हता. "असायची," तो म्हणाला.

ओगाताने चष्मा पुन्हा नाकावर घेतला. "मग मला नाही माहीत बाबा. मी फक्त घड्याळं दुरुस्त करतो."

कुनिहिरो दुकानातून निघाला तो घरी गेला नाही. वाटेत संत्री घेतली आणि चढ चढून मासुओच्या घरी गेला. फोटोपुढे उदबत्ती लावली, छोटी घंटा वाजवली, हात जोडले. फोटोतला मासुओ आता खाकरेल की मग, असा दिसत होता. तामाएने चहा आणला. ती कालवे उघडायच्या शेडमध्ये कामाला होती. सुरी धरून धरून तिच्या उजव्या अंगठ्याला घट्टा पडला होता.

"वहिनी, एक विचारू? मासुओचं घड्याळ बंद असायचं?"

तामाए आधी दचकली आणि मग तोंडावर हात घेऊन हसली. "ओगाताने सांगितलं ना? त्याच्या पोटात काही राहील तर ना. हो, भावजी, बंद असायचं. मी म्हणायचे, बंदच आहे तर घालून कशाला जाता? तर म्हणायचे, अगं, कुनिचं काय होईल?"

"माझं?"

"राग नका मानू. म्हणायचे, कुनिला बिचाऱ्याला वेळेचा अंदाजच नाही. फेरीबोट नाकासमोरून जाते तरी मला विचारतो, किती वाजले. मी बाही वर करतो, फेरीबोट बघतो आणि सांगतो. आता बंद आहे म्हटलं तर तो विचारणार कोणाला?"

कुनिहिरोने कप खाली ठेवला. पुन्हा उचलला. सात वर्षे आपण त्याचे मन राखतो आहोत, अशी याची समजूत होती. हसावे की रडावे ते त्याला कळेना.

"वहिनी, मला कळायची."

"काय?"

"वेळ. मीपण फेरीबोट बघूनच विचारायचो. पोरीने दिलेलं घड्याळ, त्याला दाखवायचं होतं. तोंडाने तो बोलणार नव्हता. म्हणून मी आपलं…"

तामाए फोटोकडे वळली. "ऐकलंत का?" ती म्हणाली. "ऐका."

उदबत्ती निम्मी जळाली होती.

"ते घड्याळ माचिको घेऊन गेली," तामाए म्हणाली. "तिच्याकडे बंद पडत नाही. ऑफिसात दिवसभर दिवे."

"मी पुस्तकातलं एक घेऊ म्हणतोय. हात्सुमी म्हणते, संपणारं घ्या."

"मला नणंदही तेच म्हणाली. चहा पाठव, सगळ्यांचं दुःख संपू दे." तामाएने त्याच्या कपात चहा ओतला. "मला सगळं संपवायची काही घाई नाही, भावजी."

उतरताना टपालपेटीशी थांबून त्याने गुडघ्यावर कार्ड धरले आणि आकडा लिहिला. घरी हात्सुमी मुळा किसत होती.

"टाकलं कार्ड? कुठलं घेतलंत?"

"उन्हावरचं."

"ओगाता काय म्हणाला?"

"ते घेऊ नको म्हणाला."

हात्सुमीने त्याच्याकडे पाहिले, मुळ्याकडे पाहिले आणि पुन्हा किसू लागली.

जानेवारीच्या सुरुवातीला खोके आले. आत एक कागद होता: घालण्यापूर्वी दोन-तीन दिवस उन्हात ठेवावे. कुनिहिरोने कागद घडी करून खोक्यात परत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे घड्याळ घालून, वर रबरी बाही चढवून तो होडीवर गेला. आठवड्याने सेकंदकाटा उड्या मारू लागला. पुढे काय झाले ते त्याने पाहिले नाही.

महिनाअखेरीस एके सकाळी तो कालवांच्या टोपल्या घेऊन शेडमध्ये आला. बायका ओळीने बसून सुऱ्या चालवत होत्या. तामाए तिसरी. तिच्या बरोबर समोरच्या भिंतीवर परातीएवढे घड्याळ टांगलेले होते. त्याच्यावरच सगळ्यांची चहाची सुट्टी व्हायची.

"भावजी," वर न बघता तामाए म्हणाली, "किती वाजले हो?"

शेजारच्या बाईने भिंतीकडे पाहिले आणि सांगायला तोंड उघडले. तामाएने तिला कोपराने ढोसले.

कुनिहिरोने टोपली खाली ठेवली. हातमोजा काढला. बाही गुंडाळत गुंडाळत कोपरापर्यंत नेली आणि मनगट डोळ्यांसमोर धरले. काटे चार वाजून दहा मिनिटांवर उभे होते. कुठल्या दिवसाच्या, कोण जाणे. त्याने ते नीट, सावकाश पाहिले. उघड्या दारातून खाडी दिसत होती आणि टोकावरून फेरीबोट वळत होती.

"नऊ बेचाळीस," तो म्हणाला.

"अगंबाई, झाले एवढे?" तामाए म्हणाली आणि तिने पुढचे कालव हातात घेतले.