सासरची पहिली घोणस

"तू साप पकडते हे आईले मी हळूहळू सांगतो," असं स्वानंद लग्न ठरतानाच उन्नतीला म्हणाला होता. लग्न होऊन महिना झाला तरी त्याचं हळूहळू चालूच होतं. उन्नतीने सापाची काठी पडद्याच्या दांड्यांमध्ये लपवून ठेवली होती.

थंडीतल्या एका सकाळी कोराडी वीज केंद्राच्या क्वार्टरमागे तिच्या सासूबाई, सरिताताई, अंगण झाडत होत्या. ताडपत्रीने झाकलेल्या कूलरजवळ उन्हात जाडजूड वेटोळं पडलेलं दिसलं.

"उन्नती, पाह्य वं, अजगराचं पिल्लू आलं," असं कौतुकाने म्हणत त्या झाडूने त्याला सरकवायला वाकल्या. तेवढ्यात कुकरच्या शिटीसारखा फुत्कार आला.

"आई, झाडू टाका अन् मागे या. घोणस आहे ते. विषारी."

सरिताताई खाटेवर चढल्या. उन्नती काठी आणि एका टोकाला कापडी पिशवी बांधलेला पाइप घेऊन आली.

"हे सामान कुठून आणलं?"

"मग सांगते."

"अन् घोणस हे कसं कळलं तुले?"

"पाठीवर साखळीसारखे ठिपके आहेत, तीन ओळी. अजगराचे डाग वेडेवाकडे असतात."

काठीच्या आधाराने घोणस हळूहळू वळली आणि अंधार पाहून पाइपातून पिशवीत शिरली. उन्नतीने पिशवीचं तोंड बांधून ती झाकणाच्या डब्यात ठेवली आणि वनविभागाला फोन केला.

"पण ती इथं काहून आली?" सरिताताईंनी खाटेवरूनच विचारलं.

"राहते गवतात, झुडपांत. पण उंदीर तिचं आवडतं खाणं. शेडमध्ये धानाचं फाटकं पोतं आहे ना?"

"तीन आहेत," त्या हळूच म्हणाल्या.

वनविभागाने सांगितलेल्या झुडपी रानात घोणस सोडायला त्याही निघाल्या. डबा मात्र स्कूटरवर पुढे, उन्नतीच्या पायाशी ठेवायला लावला. पिशवी सोडताच घोणस सावकाश गवतात दिसेनाशी झाली.

"स्वानंदले माहीत होतं?" परतताना सरिताताईंनी विचारलं.

"हो."

"तुह्या सासऱ्याले?"

"त्यांनाही."

"म्हणजे मीच एकटी राहिली," म्हणत त्या इतक्या हसल्या की उन्नतीला स्कूटर थांबवावी लागली.

संध्याकाळी बाप-लेक ड्यूटीवरून आले. सरिताताईंनी चहाआधी दोघांना शेड साफ करायला धाडलं. मग सुनेसोबत संत्री सोलत, त्या शेजारच्या शोभाताईंना घोणस कशी ओळखायची ते समजावू लागल्या.