फ्लेक्सवरची शांभवी

हुपरीच्या रेवणसिद्धाला लॅटिन म्हणजे काय ते कधी नीट सांगता आलं नाही. पण आपल्या शांभवीला ती येते आणि अख्ख्या जिल्ह्यात तिच्याइतकी कुणाला येत नाही, एवढं तो चांदीच्या पैंजणाचे सांधे डाखानं जोडता जोडता येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायचा. गिऱ्हाईक विचारायचं, "त्येचा उपेग काय?" रेवणसिद्ध म्हणायचा, "चांदीचा तरी काय उपेग हाय? खाता येती व्हय?" बापाचा अभिमान तो, त्याला कारण लागत नाही.

तिला लॅटिन शिकवली कोल्हापूरच्या यज्ञेश्वर सरांनी. सरांनी तरुणपणी एका पाद्रीबाबांकडून ही भाषा घेतली आणि पुढं जन्मभर लॅटिन-मराठी शब्दकोश करत बसले. कोश निम्म्यावर आला आणि डोळे गेले. आता अक्षराच्या जागी त्यांना नुसता धूर दिसे. राहिलेला कोश शांभवीनं करायचा, हे दोघांत ठरलेलं. पण हे काम पुस्तकं वाचून येत नाही. जर्मनीत लॅटिनचा एक महाकोश शंभरावर वर्षं चाललाय आणि अजून पुरा व्हायचाय. तिथं नवशिक्याच्या हाती एखादा शब्द देतात. तो जिथं जिथं आला त्या सगळ्या चिठ्ठ्या पुढ्यात घ्यायच्या, अर्थ लावायचे आणि पुरावा नसेल तिथं गप्प बसायचं. वर्षभर हेच शिकायचं. शांभवीला तिथं जागा मिळाली होती. राहण्याजेवणाचा खर्च मात्र ज्याचा त्यानं बघायचा होता.

तो खर्च साखर कारखान्याचे चेअरमन विजयसिंह यांच्या ट्रस्टनं द्यायचं कबूल केलं. त्यासाठी सरांनी त्यांचे उंबरे झिजवले होते. ट्रस्टच्या आकाराम सेक्रेटरींनी फोन केला, "तोंडी झालंय. शनवारी साहेबांची सही झाली की पत्र देतो."

शनिवारपर्यंत थांबेल तो बाप कसला! रेवणसिद्ध तडक पिराजीच्या फ्लेक्सच्या दुकानात गेला.

"वर फोटो कुणाकुणाचं टाकू?" पिराजीनं विचारलं.

"न्हेमीचंच टाक की."

नेत्याशिवाय फ्लेक्स म्हणजे नवऱ्याशिवाय वरात, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पिराजीकडं साचा तयारच होता. रेवणसिद्धानं पाहिला तो फक्त लेकीचा फोटो, आणि त्याला भरून आलं. संध्याकाळी फ्लेक्स चौकात चढला. शांभवी तेव्हा कोल्हापुरात सरांकडं होती, तिला याचा पत्ताच नव्हता.

फ्लेक्सवर सगळ्यात वर हात जोडून हसत होते अण्णासाहेब. कारखान्याच्या निवडणुकीत विजयसिंहांच्या विरोधात पॅनेल उभं केलेले अण्णासाहेब. शेजारी ठळक अक्षरांत, 'यांच्या आशीर्वादाने'.

सकाळी आकारामांचा फोन आला. "पावणं, पैसा आमचा आणि आशीर्वाद त्येंचा व्हय?"

रेवणसिद्धानं शिडी लावून फ्लेक्स टराटरा फाडला. पण फाडून काय उपयोग? तोवर तो फोनाफोनांतून कारखान्यापर्यंत पोचला होता.

मग तो सरांना घेऊन विजयसिंहांच्या बंगल्यावर गेला. शांभवीही निघाली होती, सर म्हणाले, "तू नको. तुझ्यासमोर आम्हाला हात जोडता यायचे नाहीत."

विजयसिंहांनी चहा मागवला. माणूस तोंडाचा कडू नव्हता, चीड येते ती त्याचीच. रेवणसिद्धानं पाय धरले. "सायेब, अडाणी माणसाची चूक. पोरीला शिक्षा नगं."

"चूक हाय ते मला कळतंय की. मतदाराला कोण सांगणार? आता पैसं दिलं तर लोक म्हणतील, अण्णानं विजयसिंहाच्या खिशातनं पोरगी परदेशी धाडली."

सर म्हणाले, "साहेब, निवडणूक पाच वर्षांनी परत येईल. ही जागा यायची नाही."

"सर, ही भाषा बोलणारी माणसं कुठं असत्यात?"

"आता कुठंच नाहीत."

"मग घाई कुणाला हाय?"

सर कप ठेवायला वाकले. टेबल वीतभर पलीकडं होतं. कप फरशीवर फुटला आणि सर अंदाजानं तुकडे चाचपू लागले. "राहू द्या सर, हाताला लागंल," असं विजयसिंह खरोखर काळजीनं म्हणाले. पैशाबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही.

रेवणसिद्ध लाज सोडून अण्णासाहेबांकडंही जाऊन आला. त्यांनी खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला आणि निवडणूक झाल्यावर बघू म्हणाले. मुदत संपली, जर्मनीतली जागा दुसऱ्या कुणाला गेली. सरांनी कोशाचं नाव काढणं बंद केलं. शांभवी वाचून दाखवू का म्हणाली, तर म्हणाले, "कशाला उगीच?"

ती घरी आली. ना रडली, ना बापाला बोल लावला. दुकानात बसून पैंजणांचे जोड कागदात गुंडाळू लागली. चार शिव्या खाल्ल्या असत्या तर रेवणसिद्धाला सोसलं असतं.

"बोल की काय तरी," तो म्हणाला. "शिव्या तरी दे बापाला."

"काय बोलू, आप्पा?"

"दोन दिस थांबलो असतो तर काय बिघडत हुतं? पण हौस हुती गं. लई हौस हुती मला."

शांभवीनं हातातला जोड गुंडाळून बाजूला ठेवला आणि दुसरा उचलला.

"माझीबी हुती की, आप्पा," ती म्हणाली.